‘म्हणतात’ हा शब्द आणि राजगडाच्या तीन माच्या

मराठीत गडकोटांवर जे काही लिहिले गेले आहे, त्यात सर्वांत अधिक राबलेले क्रियापद कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही निःशंकपणे ‘म्हणतात’ असे उत्तर देऊ. येथे राणीवसा होता असे म्हणतात, या टाक्यातून भुयार निघते असे म्हणतात, या शिळेवर महाराज बसत असे म्हणतात. कोण म्हणतात, केव्हापासून म्हणतात आणि कशाच्या आधारे म्हणतात, याचा पत्ता नसतो. तरीही ते वाक्य अप्रामाणिक नसते. बोलणाऱ्याने आपली साक्ष कोठे संपते आणि ऐकीव कोठे सुरू होते, हे त्या एका शब्दाने सांगून टाकलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाला या शब्दाचा कंटाळा येतो, कारण त्याला कागद हवा असतो. आम्हांसही तो येत असे. एका हिवाळ्यात राजगडाची फेरी करताना या कंटाळ्याची किंमत काय असते ते आम्हांस कळले. प्रस्तुत लेख हा त्या फेरीचा वृत्तान्त आहे, आणि आमच्याकडून घडलेल्या एका चुकीची दुरुस्तीही.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूर मागे पडले की भोर तालुक्यातील शिवरे हे गाव येते. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांना ते जाणवतही नाही. आम्ही मात्र आदल्या रात्री तेथे मुक्कामाला होतो, आणि फेरीचा आरंभ तेथूनच करावा असे ठरवले होते. त्याला कारण होते. याच शिवगंगेच्या खोऱ्यात, शिवऱ्यापासून फार दूर नसलेले रांझे नावाचे गाव आहे. या गावच्या पाटलाच्या गैरवर्तनाबद्दल त्यास हातपाय तोडण्याची शिक्षा झाल्याचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र उपलब्ध आहे. शिवाजी महाराजांची मुद्रा असलेल्या सर्वांत जुन्या विश्वसनीय पत्रांत त्याची गणना होते. महाराजांचे वय तेव्हा सोळा वर्षांचेही पूर्ण झालेले नव्हते. पत्र मोजके आहे. त्यात गुन्हेगाराचे नाव आहे, गुन्ह्याचा त्रोटक उल्लेख आहे, शिक्षा आहे, आणि पाटीलकी पुढे कोणाकडे गेली त्याची नोंद आहे. चित्रपटांत आणि व्याख्यानांत ऐकू येणारे संवाद, दरबार, आक्रोश यांतले काहीही त्यात नाही. पहाटे चहा घेताना आमच्यातील एकाने त्या पत्राचा मजकूर वाचून दाखवला आणि म्हटले, ‘आज दिवसभर ही मोजपट्टी हाती ठेवायची. कागद जेवढे बोलतो तेवढेच बोलायचे.’ सर्वांनी माना डोलावल्या. ही प्रतिज्ञा संध्याकाळपर्यंत टिकली नाही, हे आताच सांगून ठेवतो.

नसरापूरला महामार्ग सोडून मार्गासनी, साखरमार्गे आम्ही गुंजवण्याला पोहोचलो. हा सारा मुलूख वेल्हे तालुक्याचा. २०२४ मध्ये शासनाने तालुक्याचे नाव राजगड असे केले. नामांतराचा हा प्रकार या डोंगराला नवा नाही. मुळात त्याचे नाव मुरुंबदेव. महाराजांनी त्यावर गड वसवून त्याला राजगड केले. १७०४ मध्ये तो औरंगजेबाच्या हाती गेला तेव्हा त्याचे नबीशहागड असे नाव ठेवण्यात आले. १७०७ मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला आणि ते नाव विरून गेले. नावे कागदावर बदलतात. पण कोणते नाव टिकायचे ते लोकांच्या तोंडी ठरते, एवढी एक गोष्ट पायथ्याशीच ध्यानात घ्यावी.

गुंजवण्यात आमचे वाटाडे भेटले. पन्नाशी उलटलेले, पायांत साध्या चपला, खांद्यावर घोंगडीची घडी. त्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो आणि ते आम्हांला सरसकट ‘गुरुजी’ म्हणत होते. गेली कित्येक वर्षे ते लोकांना गड दाखवतात. चढ चढताना ते फारसे बोलत नाहीत. दम लागलेल्या माणसाला इतिहास सांगू नये, हे शहाणपण त्यांना अनुभवाने आलेले आहे.

राजगडाची रचना ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. मधोमध उंच, सरळसोट कड्यांचा बालेकिल्ला, आणि त्याच्यापासून तीन दिशांना फुटलेल्या तीन डोंगरसोंडा. बालेकिल्ल्याखालच्या अशा सपाट, तटबंद भागाला आपण माची म्हणतो. उत्तरेकडे पद्मावती, पूर्वेकडे सुवेळा आणि नैर्ऋत्येस तोरण्याच्या अंगाला संजीवनी. समुद्रात भूशिर घुसावे तशा या माच्या अवकाशात घुसलेल्या आहेत. हिवाळ्यात सकाळी गुंजवणी आणि वेळवंडी या दोन्ही नद्यांची खोरी धुक्याने भरली की ही उपमा उपमा राहत नाही. पांढऱ्या दर्यावर काळ्या कातळाचे टोक, आणि टोकावर चालणारी माणसे.

चोर दरवाज्याने आम्ही पद्मावती माचीवर शिरलो. तलाव, पद्मावती देवीचे मंदिर, आणि मंदिरासमोरची एक साधी समाधी. ही सईबाईंची म्हणून ओळखली जाते. मामा तेथे थांबले, चपला काढल्या, आणि म्हणाले, ‘ही सईबाईसायबांची समाधी म्हनत्यात.’ आम्ही त्या ‘म्हनत्यात’कडे तेव्हा फारसे लक्ष दिले नाही. वास्तविक ते द्यायला हवे होते. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या हे ज्ञात आहे. संभाजीराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते, आणि प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट व्हायला दोन महिने उरले होते. म्हणजे मृत्यू आणि गड यांची ग्वाही कागद देतो. समोर दगडी चौथरा आहे, त्याची ग्वाही डोळे देतात. पण हा चौथरा त्या राणीचाच, हे सांगणारा शिलालेख तेथे नाही. कागद आणि दगड यांच्यामधले ते अंतर लोकांच्या जिभेने भरून काढले आहे. ‘म्हनत्यात’ या शब्दात मामांनी ही सगळी मीमांसा बसवली होती.

पुढे सुवेळा माची. उगवतीकडे पसरलेली म्हणून सुवेळा. माची जेथे अरुंद होऊन मधल्या कातळाला भिडते तेथे, त्या कातळाच्या माथ्याजवळ आरपार एक भोक आहे. त्याला नेढे म्हणतात. सुईच्या नेढ्यासारखे हे भोक वारा, पाऊस आणि ऊन यांनी कोरले आहे. कपारींत आग्या मोहोळे असतात. मामांनी आम्हांला आवाज न करता, अत्तराचा वास असलेल्यांना तर तोंडावर रुमाल घेऊन, एकेक करून वर नेले. नेढ्यात बसून पाहिले की दोन्ही बाजूंची दरी एकाच वेळी दिसते. हा सारा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर चढून दख्खनचे पठार झाले, आणि झिजून झिजून त्याचे असे सुळके आणि सोंडा उरल्या.

तेथे बसल्याबसल्या आमच्यातील एकाने आयर्लंड बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील ‘जायंट्स कॉजवे’ या स्थळाची आठवण काढली. तेथेही कातळ बेसाल्टचाच. लाव्हा निवताना तडकून त्याचे सुमारे चाळीस हजार खांब झाले, बहुतेक षटकोनी. किनाऱ्यावरून समुद्रात उतरणाऱ्या या खांबांची लोककथा अशी की, फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला जाण्यासाठी हा बांध घातला. १९८६ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील वाटाडे प्रवाशांना कड्यावरून फिरवताना लाव्हाही सांगतात आणि राक्षसही सांगतात. कोणाचा गोंधळ होत नाही, कारण राक्षस हा कथा म्हणून येतो आणि लाव्हा शास्त्र म्हणून. घोटाळा झाला तो २०१२ मध्ये. नव्या दालनातील श्राव्य माहितीत, पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच मानणाऱ्या एका पंथाच्या मताचा उल्लेख असा आला की जणू शास्त्रात अजून तो वाद चालूच आहे. त्यावर गदारोळ झाला आणि त्याच वर्षी तो मजकूर बदलावा लागला. राक्षसाची कथा कोणालाही खुपली नव्हती. खुपले ते एका प्रकारच्या विधानाने दुसऱ्या प्रकारच्या विधानाचे कपडे घालणे.

हे ऐकून आम्ही सर्वजण समाधानाने हसलो. हे हसू तासाभरात जिरले.

बालेकिल्ल्याची वाट कड्यावरून जाते. खोदीव पायऱ्या, आधाराला लोखंडी कठडे, आणि वर महादरवाजा. दरवाज्यात पोहोचल्यावर मामा थांबले, घाम पुसला, आणि अत्यंत ठाम स्वरात म्हणाले, ‘अफझलखानाचं मुंडकं हितंच पुरलंय.’ येथे ‘म्हनत्यात’ नव्हते. समाधीपाशी इतके सावध असलेले मामा येथे इतके निःशंक कसे? आमच्यातील एकाने विचारले, ‘मामा, हे कशावरून?’ मामांनी घोंगडीच्या घडीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. ‘आधी म्याबी म्हनत्यात असंच म्हनायचो, गुरुजी. मग एका गटानं ह्यो छापील कागुद दिला. त्यात लिवलंय तसं. शिकल्याल्या मान्सांनी लिवलंय म्हंजे खरंच असंल की.’

कागद आम्ही हाती घेतला. तो आमच्यातीलच एकाने बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेल्या लेखाची छापील प्रत होती. राजगडाविषयीच्या त्या लेखात एक वाक्य होते : बालेकिल्ल्याच्या महादरवाज्यापाशी अफझलखानाचे मस्तक पुरण्यात आले. ‘असे म्हणतात’ हे शब्द नव्हते. मूळ मसुद्यात ते असल्याचे लेखकाला आठवत होते. शैली ओघवती व्हावी, दर दोन वाक्यांमागे ‘म्हणतात’ येऊन रसभंग होऊ नये, म्हणून त्यानेच ते छाटले होते.

घडले ते असे. गावकऱ्यांच्या जिभेवरची एक परंपरा आम्ही उचलली, तिचे ‘म्हणतात’ काढून तिला कागदावर चढवले, आणि तो कागद फिरून त्याच गावातील माणसाच्या हाती पुरावा म्हणून पोहोचला. ज्याने आम्हांला ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून दिली होती, त्याला आम्ही ती खरी म्हणून परत केली. त्याची सावधगिरी आम्ही हिरावून घेतली. अफझलखान १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली मारला गेला, हा इतिहास. त्याचे मस्तक राजगडी आणून पुरले, ही परंपरा. आणि प्रतापगडावरही एका बुरुजापाशी तेच मस्तक पुरल्याचे सांगतात, ही तेथली परंपरा. एक मस्तक दोन गडांवर पुरता येत नाही, पण दोन गडांवर ते ‘म्हणता’ मात्र येते. त्या शब्दाचे मोल इतके आहे.

आम्ही मामांना हे सांगितले. लेख आमचाच, चूकही आमचीच, असे स्पष्ट सांगितले. ते काही वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, ‘म्हंजे म्या आदी बोलत व्हतो तेच बराबर व्हतं.’ आम्ही हो म्हणालो. त्यांनी कागद परत पिशवीत घातला. फेकला नाही.

कागदाचे गुणगान करणाऱ्यांनी हेही पाहावे की अस्सल जुने लिखाणही दगडाला ताडून घ्यावे लागते. राजारामाच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास जिंजीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद राजगडाच्या चार माच्या सांगतो. चालून पाहणाऱ्याला तीनच सापडतात. बालेकिल्ला धरून त्याने चार मोजल्या असाव्यात, असा उलगडा केला जातो. तो पटण्यासारखा आहे, परंतु तो पटतो तो गड पायांखाली घातल्यावर. मोगलांचा इतिहासकार साकी मुस्तैदखान गडाचा घेर बारा कोसांचा सांगतो. वेढा घालून थकलेल्या सैन्याला डोंगर मोठाच दिसतो. आग्ऱ्याहून निसटून महाराज राजगडी कधी पोहोचले याच्याही दोन तारखा अभ्यासक देतात, १२ सप्टेंबर १६६६ आणि २० नोव्हेंबर १६६६. दोहोंमागे आधार आहेत, आणि दोहोंत दोन महिन्यांहून अधिक अंतर आहे. तेव्हा कागदाच्याही कपाळावर कधी कधी ‘म्हणतात’ लिहावे लागते.

दुपार कलती झाली तेव्हा आम्ही संजीवनी माचीवर उतरलो. येथे कोणी काही म्हणावे लागत नाही. माची तीन टप्प्यांनी उतरत सुमारे अडीच किलोमीटर पुढे जाते, आणि तिला चिलखती बांधणीचा तट आहे. म्हणजे आत एक भिंत, बाहेर दुसरी, मध्ये माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. बुरुजही तसेच दुहेरी. बाहेरचा बुरूज तोफेने ढासळला तरी आतला उभा राहतो, आणि मधल्या बोळात शिरलेला शत्रू वरून टिपता येतो. आतल्या तटातून खाली उतरणारे लहान दिंडीदरवाजे, ठिकठिकाणी पाण्याची टाकी, तटातच बांधलेले शौचकूप. पहाऱ्यावरच्या माणसाला रात्रंदिवस जागा सोडावी लागू नये, एवढा विचार यात केलेला आहे. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि बारा महाराजांकडे राहिले. त्या बारांत राजगड होता. हा तट चालून पाहिला म्हणजे राजगड हातचा न जाऊ देण्याचे एक कारण कळते. औरंगजेब डिसेंबर १७०३ मध्ये स्वतः या गडावर चालून आला, आणि गड हाती यायला फेब्रुवारी १७०४ उजाडला.

माचीच्या टोकाशी, अळू दरवाज्याच्या पुढे, तोरण्याकडे जाणारी डोंगरधार समोर पसरलेली होती. तेथे मामा पहिल्यांदा आपण होऊन बराच वेळ बोलले. कोणत्या टाक्याचे पाणी चैत्रापर्यंत टिकते, कोणता बुरूज कोणत्या पावसाळ्यात खचला, त्यांच्या आज्याच्या वेळी गुरे कोणत्या वाटेने वर चढत. यात एकदाही ‘म्हनत्यात’ आले नाही, कारण ही सारी त्यांची स्वतःची किंवा घरची साक्ष होती. त्या क्षणी आम्हांला जाणवले की या माणसाच्या बोलण्यात ज्ञानाच्या तीन जाती आपोआप वेगळ्या पडतात. पाहिलेले तो ‘हाय’ म्हणून सांगतो, ऐकलेले ‘म्हनत्यात’ म्हणून सांगतो, आणि वाचलेले ‘लिवलंय’ म्हणून सांगतो. इतिहास संशोधनाची पद्धती याहून फार वेगळे काय शिकवते? वि. का. राजवाडे खेडोपाडी पायपीट करून दप्तरे धुंडाळीत. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. त्यांचा आग्रह अस्सल कागदाचा होता आणि तो योग्यच होता. पण कागदापर्यंतची वाट त्यांनाही गावोगावच्या माणसांना विचारतच काढावी लागली असणार.

हा विषय आज अधिक निकडीचा झाला आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील अधिवेशनात ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांत अकरा महाराष्ट्रातील आणि एक तामिळनाडूतील जिंजी. राजगड त्या अकरांत आहे. याचा आनंद आम्हांस आहेच. आता माणसे अधिक येतील, फलक लागतील, माहितीपत्रके निघतील, ध्वनिमुद्रित निवेदने होतील. हे सारे व्हावेच. भीती एवढीच वाटते की फलकाला ‘म्हणतात’ हा शब्द आवडत नाही. फलकावर जागा थोडी असते आणि त्याला अधिकारवाणीने बोलायचे असते. समाधीपाशी बाण आणि नाव येईल, महादरवाज्यापाशी मस्तक येईल, आग्ऱ्याहून परतण्याची एकच तारीख येईल. आमच्या एका लेखाने एका माणसाची सावधगिरी नाहीशी केली. धातूच्या पत्र्यावर कोरलेले वाक्य किती जणांची करील?

म्हणून परंपरा पुसून टाका, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कागदावर नाही म्हणून सईबाईंच्या समाधीवरचे फूल काढून टाकणारा अभ्यासक आम्हांस नको आहे. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोकांनी एका चौथऱ्यापाशी चपला काढल्या असतील, तर ते काढणे हादेखील इतिहासच आहे. फक्त तो त्या लोकांचा इतिहास आहे, १६५९ चा नव्हे. आमचे मागणे इतकेच, की गडावरील प्रत्येक विधानाने आपली जात सांगावी. हे पत्रात आहे, हे दगडात दिसते, हे लोक सांगतात. तीन शब्दांची ही शिस्त फलकावर मावते. लेखात तर नक्कीच मावते.

पाली दरवाज्याच्या रुंद पायऱ्यांनी उतरता उतरता अंधार झाला. निरोप घेताना आम्ही मामांना विचारले की तो कागद आता तरी परत द्याल का. ते म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या. त्यावर तुमीच तेवढं लिवून द्या.’ विजेरीच्या उजेडात, पायरीवर बसून, लेखकाने त्या वाक्याच्या शेवटी दोन शब्द पेनाने लिहिले : असे म्हणतात. मामांनी ते अक्षरन्‌ अक्षर लावून वाचले आणि कागद घडीत ठेवला.

रात्री शिवऱ्याला परत आलो. पहाटेची प्रतिज्ञा कोणीच काढली नाही. असो.